पैसे थोडे, म्हणून आधी नकाशा

घराचं काम काढलं की आमच्या अकोले गावात पहिला फोन गवंड्याला जातो, दुसरा खडी-वाळूवाल्याला, आणि तिसरा पतसंस्थेतल्या ओळखीच्या माणसाला, कर्जाचं विचारायला. आर्किटेक्टला फोन करावा असं कुणाच्या मनातही येत नाही. आलंच तर घरातलं कुणीतरी म्हणतं, “आपल्याला काय बंगला बांधायचाय?” आणि विषय तिथंच संपतो. मी आयुष्यात दोनदा घराचं काम काढलं. पहिल्यांदा, २००९ साली, हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो. दुसऱ्यांदा, दोन वर्षांपूर्वी, बोललो नाही. त्या दोन कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मला इथं मांडायचं आहे: ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला घर आखून देणाऱ्या जाणत्या माणसाची गरज जास्त. पैसेवाल्याची चूक झाली तर तो एसी लावून ती झाकतो. आपली चूक झाली तर आपण तीस वर्षं तिच्याखाली झोपतो.

आमचं जुनं घर कौलारू होतं. दोन फूट रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, दगडी जोतं, पुढं ओसरी, मागं पडवी. ते पाडायला आम्ही हौसेनं निघालो नव्हतो. वानरं कौलं फोडायची. दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळायला माणूस मिळेना, मिळाला तर परवडेना, आणि जूनच्या पहिल्या पावसात चुलीपाशी पातेली मांडून ठेवावी लागायची. ज्यांनी हे सोसलेलं नाही त्यांनी कौलारू घराच्या गारव्याचं कौतुक जरा बेतानं करावं. तेव्हा आम्ही मधली एक खोली मातीच्या भिंतींसह तशीच ठेवली, बाकीचं पाडलं आणि सगळ्यावर स्लॅब टाकला. गवंडी प्रामाणिक होता. स्लॅब आजही गळत नाही. पण खिडक्या कुठं असाव्यात हे ना त्यानं विचारलं, ना आम्ही सांगितलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून मोठ्या खिडक्या पश्चिमेला. घर रस्त्यावरून छान दिसलं पाहिजे, एवढाच आमचा विचार.

पुढच्याच उन्हाळ्यात कळलं. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर तवा उतरवून ठेवल्यासारखं. पंखा लावला की वरची गरम हवा खाली अंगावर यायची. आईनं तर सरळ बाजलं उचललं आणि गोठ्यात नेलं, कारण गोठ्यावर अजून कौलं होती.

हे असं का होतं, ते आपल्या तालुक्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. घाटघरला आपल्याकडे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या, चोंढ्याच्या धरणातलं पाणी पंपानं वर घाटघरला चढवून ठेवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. आपला स्लॅब उन्हाचं असंच करतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत चार-पाच इंच काँक्रीट उष्णता साठवत राहतं, आणि आपण जेवून अंथरूण टाकलं की ती खाली सोडायला लागतं. तेवढ्यात सगळ्या घरांतले पंखे, कूलर, एसी एकदम चालू होतात. म्हणजे ज्या घटकेला महाराष्ट्राला वीज सगळ्यात अवघड जाते, त्याच घटकेला आपली घरं सगळ्यात जास्त वीज मागतात. घाटघरचं पाणी त्यासाठी खाली उतरतं, आणि ते परत वर चढवायला जेवढी वीज मिळाली त्याहून जास्त खर्च होते. तापलेल्या स्लॅबचा हिशेब फक्त आपल्या बिलात नसतो.

यात सूर्याची वाट समजून घेतली पाहिजे. अकोल्याचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. सगळा मारा छतावर, सकाळी पूर्वेवर आणि संध्याकाळी पश्चिमेवर. डिसेंबरात उलटं: सूर्य दक्षिणेला झुकतो, दुपारीसुद्धा आकाशाच्या निम्म्यापर्यंतच चढतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत येतं. थंडीच्या दिवसांत ते हवंच असतं. म्हणजे दक्षिणेची खिडकी आणि तिच्यावर बेताची छज्जी ही फुकटची सोय आहे, आणि पश्चिमेची मोठी खिडकी हा फुकटचा त्रास. पश्चिमेला छज्जी कितीही बाहेर काढा, पाच वाजताचं आडवं ऊन तिच्या खालून आत शिरतं. तिथं उभा आडोसा लागतो. हे सगळं शाळेच्या भूगोलात आहे. मी तो भूगोल वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आणि स्वतःच्या खिडक्या चुकीच्या भिंतीत काढल्या.

दोन वर्षांपूर्वी सव्वा लाख रुपये बाजूला पडले. बेत असा होता: मातीची मधली खोली पाडायची, तिला खालून ओल येत होती, हॉलला पीओपीचं छत करायचं, म्हणजे उष्णता अडेल, आणि उरलेल्या पैशात दीड टनाचा एसी. नात्यातल्या एका मुलानं आग्रह धरला म्हणून संगमनेरच्या एका तरुण आर्किटेक्ट मुलीला आधी बोलावलं. तिनं फोनवरच स्वच्छ सांगितलं, एका दिवसाचे पाच हजार, आणि काम चालू असताना एक फेरी मारली तर तिचे दीड हजार वेगळे. मला तेव्हा ते जड वाटलं. पाच हजारांत सिमेंटच्या बारा-तेरा गोण्या येतात, असा हिशेब मनात झाला.

ती सकाळी साडेआठला आली आणि दुपारी जेवून संध्याकाळी सहापर्यंत थांबली. आधी तिनं घर मोजलं नाही. आईजवळ ओसरीच्या पायरीवर बसली आणि विचारलं, “आजी, दुपारी कुठं झोपता?”

“गोठ्यात,” आई म्हणाली. “घरात भाजून निघतंय समदं.”

“आणि रात्री?”

“रात्री गच्चीवर जायचे, आता गुडघे चढू देईनात.”

मग तिनं मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं मागून घेतली आणि पायरीवर ओळीनं मांडली. जानेवारी आणि मे यांच्यातला फरक तिनं पेन्सिलीनं कागदावर लिहिला. “हा एवढा खर्च उन्हाचा आहे,” ती म्हणाली, “बाकीचा तुमचा.” बारा वाजता गच्चीवर जाऊन अनवाणी पाय टेकवून पाहिला आणि लगेच उचलला. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतीला पाठ लावून ती वीस मिनिटं नुसती बसून राहिली. मधल्या खोलीत भिंतीवर बोटांनी टकटक करत खालून वर गेली, आणि कमरेच्या उंचीवर आवाज बदलला तिथं खडूनं रेघ मारली. त्या रेघेखाली आम्ही कधीतरी ओल झाकायला सिमेंटचं प्लास्टर केलं होतं. मातीची भिंत ओल घेते आणि हवेत सोडून देते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं की ओल आतल्या आत वर चढते. म्हणजे ज्या खोलीला आम्ही पाडायला निघालो होतो ती आजारी आम्हीच केली होती.

संध्याकाळी तिनं एक कागद दिला. नकाशा म्हणावा असा तो नव्हता. घराचं एक रेखाटन, त्यावर मापं, आणि कामांचा क्रम. सगळ्यात वर लिहिलं होतं: मधली खोली पाडू नका, पीओपी करू नका, एसी आत्ता घेऊ नका. त्याखाली, पहिल्यांदा स्लॅबवर पांढरा चुना, चिकटण्यासाठी त्यात डिंकाचा अंश घालून, दोन हात. दरवर्षी पावसाळ्यात धुऊन जाईल, दरवर्षी होळीनंतर एक हात पुन्हा. नव्या पांढऱ्या थरावरून बहुतेक ऊन आल्या वाटेनं परत जातं. जुनाट करड्या काँक्रीटवरून जेमतेम पाव-तिसरा हिस्सा. मग मधल्या खोलीचं सिमेंट खरवडून चुन्या-मातीचा गिलावा. मग जिन्याच्या डोक्यावरच्या केबिनला वरच्या बाजूला दोन झरोके, म्हणजे घरातली गरम हवा जिन्यातून वर निघून जाईल, आणि पूर्वेच्या भिंतीत खालच्या बाजूला गार हवा आत घेणारी एक खिडकी. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा आणि समोर मधुमालतीचा मांडव. सगळ्यात शेवटी तीन पंखे बदलायचे.

पंख्यांचा हिशेब तिनं मला तिथंच करून दाखवला. साधा पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी पंखा तीस. दिवसाला सोळा तास तीन पंखे चालले तर रोजचे दोन युनिट वाचतात, महिन्याचे साठच्या वर. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर एकदम चढतो, त्यामुळे ज्यांचं बिल शंभराच्या आगेमागे असतं त्यांना हे साठ युनिट दुप्पट जाणवतात. पण पंखे तिनं शेवटी टाकले होते, याची नोंद घ्यावी. तापलेल्या छताखाली कमी विजेचा पंखा लावला तर कमी विजेत गरम वारा मिळतो, एवढंच.

सगळं मिळून, तिची फी धरून, ८६ हजारांत काम झालं. मे महिना मे महिनाच राहिला, दुपारचा उकाडा आहेच. पण रात्री नऊनंतर घर सैल होतं, आणि एसी आम्ही अजून घेतलेला नाही. सर्वांत जास्त पैसा वाचला तो कागदाच्या वरच्या ओळीनं. पाडकाम, पीओपी आणि एसी यांत सव्वा लाख संपून वर कर्ज झालं असतं, आणि विजेचं बिल वाढलं असतं. काय करू नये हे सांगणाऱ्याला पैसे द्यायची आपल्याला सवय नाही. सल्ला दिसत नाही, गोण्या दिसतात.

मी हे मित्रांना सांगतो तेव्हा दोन-तीन आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत.

पहिला, गवंड्याला सगळं कळतं, त्याच्या डोक्यावर कशाला माणूस? गवंड्याचा मला आदर आहे. पण आजच्या गवंड्याचं ज्ञान आणि त्याच्या आज्याचं ज्ञान यांत एक पूल तुटला आहे. आज्याला माती, चुना, कारवीचा कूड, कौलांचा उतार कळत होता. नातवाला सळई, सेंट्रिंग आणि एम-ट्वेंटी कळतं. त्याचा दोष नाही. लोकांनी जे मागितलं ते तो शिकला. त्याला सूर्याचा कोन कुणी शिकवला नाही आणि त्याची मजुरी चौरस फुटावर असते, गारव्यावर नसते. कामाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गवंड्यानं तो कागद हातात घेऊन विचारलं, झरोका एवढा वर कशासाठी. तिनं जिन्यात उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते त्याला दाखवलं. त्यानंतर त्यानं आणखी दोन घरांत तसे झरोके काढलेत, न सांगता. तज्ज्ञ माणूस गवंड्याच्या डोक्यावर बसायला नको, त्याच्या शेजारी बसायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आर्किटेक्ट लोक टक्क्यानं पैसे घेतात, मग ते खर्च कमी कशाला करतील? ही पद्धत छोट्या कामाला घातक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. एकूण खर्चावर टक्केवारी ठरली की “हे पाडू नका” असं म्हणणारा स्वतःचंच उत्पन्न कापतो. सज्जन माणूस तरीही ते सांगेल, पण घरमालकानं दुसऱ्याच्या सज्जनपणावर घर का बांधावं? छोट्या कामाला फी ठोक असावी किंवा दिवसावर असावी, आणि आधी बोललेली असावी. त्या फीत नेमकं काय मिळेल तेही बोललेलं असावं: गवंड्याला वाचता येईल असा कागद, कामांचा क्रम, प्रत्येकाचा अंदाजे खर्च, आणि भिंत फोडण्याआधी एक फेरी. आणि ज्या दुकानातून माल घ्यायचा ते दुकान त्या माणसानं सुचवलेलंच असलं पाहिजे, असा आग्रह धरला गेला तर तिथंच हात जोडावेत.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या कायद्यानं राखीव आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंद असलेल्यालाच ती लावता येते, आणि ती नोंद कुणालाही तपासता येते. पण घर आखण्याचं काम त्या कायद्यानं इतरांना बंद केलेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा सिव्हिल इंजिनिअरकडे गेलात तरी हरकत नाही, फक्त त्यानं ऊन-वारा पाहिलेला असला पाहिजे. आपल्याकडे इंजिनिअरची गाठ पडते ती बहुधा नगरपंचायतीत नकाशा पास करून घेण्यापुरती. सही-शिक्क्याचा नकाशा आणि राहायच्या घराचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवाजा कुठल्या दिशेला असावा हे वास्तुशास्त्रवाल्याला विचारायला आपण पैसे देतो, वाद न घालता देतो. म्हणजे घरासाठी सल्ला विकत घ्यायची तयारी आपल्यात आहे. तोच प्रश्न सूर्याच्या आणि वाऱ्याच्या अंगानं विचारायचा राहून गेला आहे.

तिसरा आक्षेप, मोबाइलवर सगळी माहिती मिळते. मिळते, पण कुणाची? या एका तालुक्यात दोन हवामानं आहेत. अकोले गावाकडून कळस, इंदोरीच्या बाजूला उन्हाचा प्रश्न. पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं जुलैत दिवसा दिवे लावावे लागतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, भिंती हिरव्या होतात. तिथं पांढऱ्या चुन्यानं काही साधणार नाही. तिथं ऊर्जा वाचवायची म्हणजे ओल बाहेर ठेवायची, उजेड आत घ्यायचा, चुलीचा धूर काढून द्यायचा आणि तीच ऊब माळ्यावरच्या धान्याला द्यायची. जुन्या महादेव कोळी आणि ठाकर घरांना हे येत होतं: कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, तीव्र उतार आणि माणूस वाकून आत जाईल एवढी खाली आलेली वळचण. झडीचा पाऊस भिंतीला लागूच द्यायचा नाही हे त्या वळचणीचं काम.

तिथं आता घरकुलं होत आहेत, आणि माझ्या जिवाला खरी टोचणी ती आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागासाठी मूळ मदत १ लाख २० हजार रुपये, डोंगरी भागासाठी १ लाख ३० हजार. एवढ्या पैशात बांधायचं तर चुकीला जागाच नाही. आणि नेमका त्याच घराला आखणारा माणूस मिळत नाही. सपाट स्लॅब, वळचण नाही, पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर उघडी. दोन पावसाळ्यांत लोक वर प्लास्टिक टाकतात, मग पत्रा. म्हणजे गरीब माणूस एका घराला दोन छपरांचे पैसे देतो. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिते’त घर किती तापावं याचे आकडे २०१८ पासून ठरलेले आहेत, पण ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, २०१८ च्या संहितेत पाचशे चौरस मीटर आणि त्यावर. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांच्या घरांना नियम आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या घराला कुणी विचारत नाही.

मातीकडे परत चला, असं मी म्हणत नाही. किल्लारीचा भूकंप मराठी माणसानं विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली. ती घरं उन्हाळ्यात गार होती. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते, आणि दरवर्षी गळती थांबवायला माळवदावर मातीचा नवा थर चढत गेला होता. त्यानंतर लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला तो साहजिक होता. नवी गावं सरळ रेषेत वसली. गारवा आणि सुरक्षितता यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं, असा समज तेव्हापासून पक्का झाला. तो समज मोडायला जाणता माणूस लागतो. लिंटलच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा, हलकं छप्पर, बांधलेले कोपरे, आणि त्यात मातीची जाड भिंत: हे शक्य आहे, पण ते अंदाजानं करायचं काम नाही.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात हेच काम अनेक दशकं केलं. कमी पैशातलं घर ही त्यांना दुय्यम दर्जाची गोष्ट वाटली नाही. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, मधे पोकळी राहते. भिंत नऊ इंचांचीच, विटा जवळपास पाव हिश्श्यानं कमी आणि पोकळीमुळे उष्णता उशिरा आत येते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचा ताण सोसायला उपयोग नसतो, तिथं मंगळुरी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, छत कमी तापतं. बेकर एकटे थांबले नाहीत. १९८५ साली त्यांनी माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्यासोबत ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली. गरिबाच्या घरालाही आखणारा माणूस मिळाला पाहिजे यासाठी एक माजी मुख्यमंत्री आणि एक अर्थतज्ज्ञ एकत्र बसले. आपल्याकडे वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं स्वस्त, टिकाऊ ग्रामीण घरांचं काम कित्येक वर्षं केलं आहे. पण सह्याद्रीच्या या कडेला तसं काही उभं राहिलं नाही.

आपल्या तालुक्याला मात्र एक धडा घरातच मिळालेला आहे. देशी बियाणं जपणाऱ्या, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणं त्यांच्याकडे होतं, ज्ञान त्यांचं होतं. ‘बायफ’सारख्या संस्थेच्या माणसांनी ते टिकवायला, मांडायला, पसरवायला साथ दिली. घरांचंही तेच आहे. वळचण, झरोका, देवळी, पडवी हे आपलं देशी वाण आहे. ते हायब्रीडच्या रेट्यात चाललं आहे. त्याला जपणारा, तपासणारा आणि आजच्या गरजेला जुळवून देणारा शिकलेला माणूस हवा आहे.

सौर पॅनेलबद्दल दोन शब्द, कारण सध्या सगळे तिथूनच सुरुवात करतात. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. चांगली योजना आहे, जरूर घ्यावी. पण आधी घराची भूक कमी करून घ्यावी, मग पॅनेल लहान लागतं. आणि पॅनेलचा सांगाडा कमरेइतका खाली न बसवता डोक्याच्या वर उभा केला तर त्याच पैशात स्लॅबला सावली मिळते. हे सांगायला पॅनेल विकणारा येत नाही. त्याच्या हिशेबात तुमची खोली नसते.

म्हणून दोन ठिकाणी माझी विनंती आहे. राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानं आणि पंचायत समितीनं घरकुलांसाठी एक आर्किटेक्ट पगारावर ठेवावा; पश्चिमेच्या गावांसाठी वेगळा आणि पूर्वेच्या गावांसाठी वेगळा असे दोन नमुने त्यानं गवंड्यांना सोबत घेऊन बांधून दाखवावेत. नाशिक-पुण्याच्या वास्तुकला महाविद्यालयांतली मुलं जुनी घरं मोजायला गावोगाव फिरतात. त्यांनी काढलेली मापं गावाला परत द्यावीत.

आणि शहरातल्या तरुण आर्किटेक्टना सांगायचं आहे की तुमचं सगळ्यात गरजू गिऱ्हाईक इथं आहे. त्याला बंगला नको आहे, तुमचा एक दिवस हवा आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी अकोल्यात, राजूरला, कोतूळला एक टेबल टाका. लोक लाइट बिलं घेऊन येतील, घराचा फोटो मोबाइलवर दाखवतील, आजी कुठं झोपते ते सांगतील. ‘एका भेटीची फी इतकी, त्यात मिळेल ते असं’ एवढा फलक लावा. डॉक्टरांचे, वकिलांचे, वास्तुशास्त्रवाल्यांचे फलक आमच्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. असा फलक मला अकोल्यात अजून एकही दिसलेला नाही.